जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह मार्कडाउनमधून छपाईच्या पीडीएफपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीच्या एका शिक्षिकेने गंगाखेड, पाथरी, मानवत या पट्ट्यातल्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या आहेत. ओव्या, गावागणिक टिपणं, शब्दार्थ, तक्ते असा सगळा मजकूर साध्या मार्कडाउन फायलींमध्ये, म्हणजे शीर्षक-तळटिपांच्या साध्या खुणा घातलेल्या टेक्स्ट फायलींमध्ये, आहे. पॅनडॉक या फायलींचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने पीडीएफ करायला गेल्यावर आधी एरर येऊन काम थांबलं. कुणीतरी सुचवलं म्हणून इंजिन, म्हणजे प्रत्यक्ष पान लावणारा प्रोग्राम, बदललं, तर पानं तयार झाली पण मराठीच्या जागी नुसता कोरा कागद. मग फॉन्टचं नाव दिलं. अक्षरं आली, पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि जोडाक्षरं सगळी पाय मोडलेली. त्यांना हे पुस्तक छापायचं आहे, शिवाय ज्या बायांनी ओव्या सांगितल्या त्यांच्या घरच्या मोबाइलवर पाठवायचं आहे. ‘सगळं परत वर्डमध्ये घेऊ का?’ असं त्या विचारतात.

ताई, वर्डमध्ये परत जाऊ नका. तुमचा मजकूर आत्ता ज्या रूपात आहे, तेच त्याचं सगळ्यात टिकाऊ रूप आहे. साधी टेक्स्ट फाइल वीस वर्षांनीही कुठल्याही यंत्रावर उघडेल. तुम्हाला आलेल्या तिन्ही अडचणी मजकुरातल्या नाहीत. प्रत्येक वेळी एकेक सेटिंग राहून गेलं आहे, एवढंच. छत्रपती संभाजीनगरात प्रबंध आणि पुस्तकं लावण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. मराठीसाठी कुठलंही साधन हातात घेतलं की मी आधी एकच गोष्ट बघतो: यात अक्षरांचं शेपिंग कोण करतं आणि त्याला आपली लिपी सांगितली आहे का? हे जमलं की बाकीची कामं वेळखाऊ असतात, पण अडत नाहीत.

शेपिंग, म्हणजे अक्षरांना आकार देणं, काय असतं ते आधी सांगतो, कारण तुमची तिसरी अडचण तीच आहे. फाइलमध्ये ‘कि’ हे अक्षर ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर, या क्रमाने साठवलेलं असतं. कागदावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘आर्थिक’मध्ये तर र, हलन्त, थ, वेलांटी असा साठवणीचा क्रम, आणि काढताना वेलांटी थ च्या अलीकडे व रफार त्या सगळ्याच्या डोक्यावर. युनिकोड ही अक्षरांना संगणकी क्रमांक देणारी पद्धत फक्त अक्षरं आणि त्यांचा क्रम ठरवते. आकार कसा घ्यायचा याचे तक्ते फॉन्टमध्ये असतात आणि ते तक्ते वाचून अक्षर घडवणारा प्रोग्राम वेगळा असतो. आज हे काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत तीच आहे. तिला ‘ही देवनागरी आहे’ असं कळलं की मराठी सुबक उमटते. कळलं नाही, तर ती एकापुढे एक तुकडे मांडून मोकळी होते. तुमच्या पानावर झालं ते हेच.

आता पॅनडॉककडे येऊ. बर्कली विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं. पॅनडॉक स्वतः पान लावत नाही. ते तुमचं मार्कडाउन वाचतं, शीर्षक कुठे, परिच्छेद कुठे, तळटीप कुठे याचा सांगाडा मनाशी धरतं, त्याचं लाटेकमध्ये, म्हणजे पान लावण्याच्या आज्ञांच्या भाषेत, भाषांतर करतं आणि ती फाइल दुसऱ्या इंजिनाच्या हवाली करतं. इंजिनाचं नाव दिलं नाही तर ते पीडीएफलाटेक धरतं. डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये पहिलं टेक लिहिलं, त्या परंपरेतलं हे इंजिन आहे. इंग्रजीसाठी उत्तम, पण आजचे ओपनटाइप फॉन्ट त्याला सरळ वाचता येत नाहीत. पहिला ‘क’ दिसताच ‘यू+०९१५ या चिन्हाची सोय नाही’ अशा अर्थाची एरर देऊन ते थांबतं. ही तुमची पहिली अडचण.

दुसऱ्या वेळी तुम्ही झीलाटेक वापरलंत. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेल्या झीटेकवर ते उभं आहे. युनिकोड आणि संगणकातले फॉन्ट थेट वाचतं, म्हणून निवड बरोबर होती. पण फॉन्टचं नाव न दिल्याने लॅटिन मॉडर्न हा मूळचा फॉन्ट लागला, आणि त्यात देवनागरी नाहीच. अशा वेळी झीलाटेक थांबत नाही. अक्षर गाळून पुढे जातं आणि पडद्यावर ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी सूचना टाकत राहतं. या सूचना कधीही दुर्लक्षून चालत नाहीत. अख्खं पान कोरं असेल तर डोळ्याला दिसतं. पण तीनशे पानांत एखादंच चिन्ह गळालं असेल, तर ते फक्त त्या सूचनांमध्ये सापडतं.

आता दुरुस्ती. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत. मार्कडाउन फायलीच्या अगदी वर, तीन-तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमधे, सेटिंग लिहिण्याचा जो यॅमलचा भाग असतो, त्यात ‘मेनफॉन्ट’समोर फॉन्टचं नाव द्या. त्याखाली ‘मेनफॉन्टऑप्शन्स’ अशी ओळ लिहा आणि तिच्या खाली, प्रत्येकी एका ओळीत, ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ आणि ‘लँग्वेज=मराठी’ लिहा. नंतर ‘लँग’समोर ‘एमआर’. बस, वेलांटी जागेवर येईल आणि जोडाक्षरं जुळतील. दुसरा पर्याय, म्हणजे भाषा मराठी, कृपया वगळू नका. नेहमीच्या देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श ची हिंदी वळणं आधी येतात. फॉन्टमध्ये मराठीची सोय असेल तर भाषा सांगितल्याबरोबर आपला पाकळीदार ल आणि मराठी वळणाचा श उमटतो. ओव्यांच्या पुस्तकात हिंदी वळणाचा ल वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर खटकेल.

फॉन्ट निवडण्यात घाई करू नका, कारण पुस्तकाची बोलण्याची पद्धत तिथे ठरते. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळणांसाठीच बेतलेला आहे आणि लांब मजकुराला फार शोभतो. मात्र त्यात ठळक वजन नाही, फक्त साधं आणि तिरकं आहे. ठळक शब्द दिलात तरी तो साधाच छापला जाईल, म्हणून शीर्षकांसाठी जोडीला दुसरा फॉन्ट घ्यावा लागतो. मुक्तामध्ये वजनं भरपूर आहेत, शीर्षकांना आणि तक्त्यांना छान. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हेही भरवशाचे. शोभिकात रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे अधूनमधून इंग्रजी शब्द आले तरी ते गळत नाहीत. हे सगळे मोफत आहेत आणि छापील पुस्तकात वापरायला परवानगी आहे. तुमच्या पुस्तकाला मी मजकूर टिरोमध्ये आणि शीर्षकं मुक्तामध्ये लावली असती.

फॉन्टच्या दोन व्यावहारिक गोष्टी. गूगल फॉन्टवरून नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट उतरवला की झिपमध्ये एक व्हेरिएबल फाइल असते आणि ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर असतं. नेहमी स्टॅटिकमधल्या फायली घ्या, व्हेरिएबल फॉन्टशी झीलाटेकचं जमत नाही. दुसरं, फॉन्ट विंडोजमध्ये बसवण्यापेक्षा पुस्तकाच्या फोल्डरमध्येच ‘फॉन्ट्स’ असा उपफोल्डर करून त्यात ठेवा आणि फॉन्टऑप्शन्समध्ये ‘पाथ’ देऊन तिथूनच वाचायला सांगा. विंडोज पुष्कळदा फॉन्ट एकाच वापरकर्त्यापुरता बसवतं आणि लाटेकला तो सापडत नाही. शिवाय उद्या हेच फोल्डर तुमच्या भावाच्या लॅपटॉपवर नेलं तरी पान जसंच्या तसं येईल.

 

सगळी मोठी फाइल पळवण्याआधी एक चाचणीची ओळ करून बघा. मी प्रत्येक नव्या फॉन्टला ही ओळ घालतो: ‘आर्थिक, सर्वांनी, राष्ट्र, वाङ्मय, उद्ध्वस्त, ब्राह्मण, आह्वान, श्रद्धा, ऱ्हास, दुसऱ्या, ॲड., ऑक्टोबर, कीर्तीं’. रफार, रफारावर अनुस्वार, ट खालचा र, ह ची जोडाक्षरं, अर्धा र, अर्धचंद्र, सगळं यात येतं. ही ओळ छापून, कागदावर, चांगल्या उजेडात बघा. पडद्यावर मोठं करून बघितलेलं पुरत नाही. बारा पॉइंटमध्ये ‘द्ध्व’ चिखल होतो का, ते कागदच सांगतो.

या ओळीतल्या ‘दुसऱ्या’वर थोडं थांबतो, कारण मराठी मजकुरात सगळ्यात जास्त नासाडी त्या अर्ध्या र ची होते आणि बोलीतल्या ओव्यांमध्ये तो पावलोपावली येतो. ‘वाऱ्यावर’, ‘सासऱ्याच्या’, ‘घागऱ्या’. हा र टाइप करण्याच्या दोन रीती चालू आहेत. काही कीबोर्ड खालच्या टिंबाचा ऱ घेऊन त्याला हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक घालतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण तुम्ही मोबाइलवर काही ओव्या आणि घरच्या संगणकावर काही टाइप केल्या असतील, तर एकाच पुस्तकात दोन्ही रीती असणार. मग ‘वाऱ्यावर’ असं शोधलं की निम्म्याच जागा सापडतात. त्याहून वाईट म्हणजे, मजकूर साफ करणारी काही साधनं तो न दिसणारा जोडक कचरा समजून काढून टाकतात. जोडक गेला की र चा रफार होतो, आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं असताना पानावर ‘आचार्यांना’ बोलावलेलं दिसतं. शब्दतपासणीही हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत. म्हणून पीडीएफच्या आधी, मार्कडाउनमध्येच, शोधा-आणि-बदला वापरून सगळीकडे टिंबवाल्या ऱ ची रीत करून घ्या. ती दिसते, हरवत नाही. ‘ॲ’चंही तसंच आहे. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं, पण जुने कीबोर्ड अजून अ वर अर्धचंद्र ठेवून ते बनवतात. सगळीकडे एकच रूप ठेवा.

प्रस्तावना किंवा पाठराखण कुणी डीटीपी सेंटरवर टाइप करून दिली असेल, तर ती श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. ती फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण आतली अक्षरं मराठी नाहीतच. ती परिवर्तकातून युनिकोडमध्ये घ्या आणि मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून बघा. परिवर्तक नेमका रफार आणि अर्ध्या र लाच अडखळतो. मोठी प्रस्तावना नसेल तर पुन्हा टाइप केलेली बरी.

आता पुस्तकाचा गाभा, ओव्या. मार्कडाउनमध्ये एका ओळीखाली दुसरी ओळ लिहिली की पॅनडॉक त्या दोन्ही जोडून सलग परिच्छेद करतं. बरेच जण यावर उपाय म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन स्पेस देतात. त्या दिसत नाहीत, एखादा एडिटर त्या आपणहून काढून टाकतो आणि ओवीचं गद्य होतं. पॅनडॉकमध्ये यासाठी लाइन ब्लॉक आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ आणि एक स्पेस द्यायची. ओळ जिथे मोडली तिथेच मोडते, आणि रेघेनंतर जास्त स्पेस दिल्या तर तेवढी ओळ आतूनही सुरू होते. ओवीतला ‘गं बाई’सारखा पालुपदाचा तुकडा आत सरकवून दाखवायचा असेल, तर ही सोय नेमकी त्याचसाठी आहे.

पण एवढ्याने पुस्तक लागत नाही. चार चरणांची ओवी पानाच्या तळाशी येऊन तीन चरण इकडे आणि एक चरण तिकडे जाणं, हे ओव्यांच्या पुस्तकात चालतच नाही. गाणारी बाई एका श्वासात जे म्हणते ते वाचणाऱ्याला पान उलटून शोधावं लागू नये. यासाठी प्रत्येक ओवी तीन अपूर्णविरामांच्या कुंपणात घाला आणि त्याला ‘ओवी’ असं वर्गनाम द्या. पॅनडॉक लाटेक बनवताना असं कुंपण मुकाट्याने सोडून देतं, म्हणून एक छोटा लुआ फिल्टर, म्हणजे लुआ भाषेतला मजकुरावर मधेच काम करणारा प्रोग्राम, लिहायचा. फिल्टर चालवण्याची सोय पॅनडॉकच्या आतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. फिल्टरचं काम एवढंच: ‘ओवी’ वर्गाचं कुंपण दिसलं की त्याच्या आधी आणि नंतर मिनीपेज व त्याच्या आत व्हर्स या लाटेकच्या चौकटी लावायच्या. मिनीपेज फुटत नाही, त्यामुळे ओवी अख्खी या पानावर किंवा अख्खी पुढच्या पानावर. व्हर्सचा फायदा वेगळा आहे. एखादा लांब चरण रुंदीत मावला नाही तर त्याचा उरलेला भाग आत सरकून खाली येतो. नवा चरण आणि वाकलेला चरण यातला फरक त्यामुळे डोळ्याला कळतो. एकोणीस-वीस ओळींचा हा फिल्टर एकदा झाला की दोन हजार ओव्यांनाही तोच पुरतो. तुम्ही मार्कडाउनमध्ये राहिल्याचा खरा लाभ इथे मिळतो. वर्डमध्ये ही जपणूक प्रत्येक ओवीला हाताने करावी लागली असती, आणि मधे एक ओवी वाढवली की पुढची सगळी पानं पुन्हा बघावी लागली असती.

कठीण शब्दांचे अर्थ तळटिपांत द्या. पॅनडॉकची तळटीप लिहायला सोपी आहे आणि आकडे तेच सांभाळतं.

तक्त्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की गाव, प्रसंग, सांगणाऱ्या बाईचं माहेर, टिपण असे चार रकाने आहेत आणि शेवटचा रकाना पानाबाहेर जातो. उभ्या रेघांच्या तक्त्याचा एक नियम फार कमी जणांना माहीत असतो. मार्कडाउनमधली तक्त्याची एकही ओळ ७२ अक्षरांपेक्षा लांब नसेल, तर पॅनडॉक रकान्यांना रुंदी देतच नाही. मजकूर जेवढा लांब तेवढा रकाना, आत ओळ वळत नाही, आणि तक्ता कागदाबाहेर जाऊ शकतो. एक जरी ओळ त्याहून लांब असली, की तक्ता पानाच्या पूर्ण रुंदीत बसवला जातो. रकान्यांचं आपसातलं प्रमाण मग शीर्षकाखालच्या आडव्या रेघांच्या संख्येवरून ठरतं. म्हणजे गावाखाली दहा रेघा आणि टिपणाखाली चाळीस रेघा दिल्या, तर टिपणाचा रकाना चौपट रुंद. त्यामुळे त्या रेघा नुसत्या शोभेच्या समजू नका, रुंदी हवी तशी मोजून टाका आणि एक ओळ मुद्दाम लांब होऊ द्या. डेमी आकाराच्या पानावर चार रकाने तरीही दाटीवाटीचे होतील. मला विचाराल तर टिपण तक्त्यातून काढून प्रत्येक गावाच्या आरंभी परिच्छेद म्हणून द्या. वाचायलाही ते जास्त बरं लागेल.

पानाचा आकार छापखान्याला विचारूनच ठरवा. आपल्याकडे कवितासंग्रहासाठी डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, हा रुळलेला आकार आहे. ‘डॉक्युमेंटक्लास’ बुक ठेवा, आणि ‘जिओमेट्री’मध्ये कागदाची रुंदी, उंची व चारी समास स्वतः द्या. आतल्या बाजूचा समास बाहेरच्यापेक्षा मोठा हवा. पुस्तक शिवल्यावर किंवा डिंकाने चिकटवल्यावर तो भाग शिवणीत जातो, आणि ओवीचा पहिलाच शब्द तिथे असतो. ‘लाइनस्ट्रेच’, म्हणजे ओळींमधलं अंतर, सव्वा ते एक पूर्णांक तीनपर्यंत न्या. आपल्या लिपीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार लागतात. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांना घासतात. अक्षराचा आकार बुकमध्ये दहा, अकरा, बारा एवढाच घेता येतो. वयस्कर वाचकांसाठी चौदा हवा असेल तर कोमा-स्क्रिप्ट संचातला पुस्तकाचा वर्ग वापरा, तो कुठलंही माप घेतो. अनुक्रमणिकेचं शीर्षक इंग्रजीत आलं तर ‘टीओसी-टायटल’समोर ‘अनुक्रमणिका’ लिहा. पृष्ठांक मराठी आकड्यांत हवेत तर बेबेल पॅकेजमध्ये ‘मॅपअरेबिक’ हा पर्याय आहे. तो दिला की पानांचे आणि प्रकरणांचे आकडे देवनागरीत येतात.

जात्यांचे, घरांचे फोटो असतील तर ते लाटेक आपल्या सोयीने पुढच्या-मागच्या पानावर ढकलतं. फोटो लिहिलेल्या जागीच हवा असेल तर त्या ओळीच्या शेवटी एक उलटी तिरकी रेघ द्या. मग तो चित्र म्हणून न तरंगता ओळीत बसतो, फक्त त्याखालची ओळ वेगळी लिहावी लागते.

इंजिन कोणतं, याचं माझं मत आता सांगतो. रोजच्या कामाला झीलाटेक, अंतिम पीडीएफला लुआलाटेक. कारण पीडीएफ नुसती दिसायला नीट असून भागत नाही, तिच्यातून मजकूर परत निघायला हवा. पीडीएफमध्ये अक्षरं नव्हे तर घडलेले आकार साठवलेले असतात, आणि वेलांटी आधी काढलेली असल्याने मजकूर कॉपी केला की ती आधीच्या अक्षराला चिकटून येऊ शकते. त्यामुळे गावाचं नाव शोधलं तरी सापडत नाही. लाटेकचा जो टेक लाइव्ह नावाचा संच मिळतो, त्याच्या २०२० च्या आवृत्तीपासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ मुळातच आहे. फॉन्टऑप्शन्समध्ये ‘रेंडरर=हार्फबझ’ ही आणखी एक ओळ दिली की शेपिंग बरोबर होतं, आणि जिथे आकारांवरून मूळ अक्षरक्रम कळत नाही तिथे तो मजकूर पीडीएफमध्ये सोबत लिहिला जातो. झीटेकमध्येही ‘जनरेट ॲक्च्युअल टेक्स्ट’ असा स्विच आहे, तो चालू करून बघता येईल. लुआलाटेक चालायला हळू आहे, म्हणून रोज त्याच्यामागे लागू नका. पण पुढेमागे याच सामग्रीवर कुणी पीएच.डी. केली आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेला, तर मजकूर शोधता येणं ही चैन राहत नाही. ‘पाथरी’ शोधल्यावर पाथरीच्या सगळ्या ओव्या मिळाल्या पाहिजेत.

लाटेकचा पूर्ण संच काही जीबींचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी नेट पुरत नसेल तर टाइप्स्टचा विचार जरूर करा. २०२३ मध्ये खुलं झालेलं हे नवं साधन एकच छोटी फाइल आहे, देवनागरीचं शेपिंग नीट करतं आणि बदल केल्याबरोबर पान दाखवतं. पॅनडॉकला आता टाइप्स्टमध्ये लिहिता येतं आणि इंजिन म्हणूनही त्याचं नाव देता येतं. ओवी न फुटू देण्यासाठी तिथे ‘ब्रेकेबल: फॉल्स’ एवढं सांगितलं की झालं. नवशिक्याला चुकीची ओळ कळायला ते लाटेकपेक्षा खूपच सोपं आहे. तुम्ही आज शून्यापासून सुरू करत असतात तर मी आधी तेच सुचवलं असतं. पण लाटेक तुमच्या संगणकावर बसलेलं आहे आणि काम अर्ध्यावर आलेलं आहे, म्हणून आता बदल नको.

तिसरा रस्ता एचटीएमएल करून ब्राउझरमधून किंवा वीझीप्रिंटने पीडीएफ काढण्याचा. शेपिंग दोन्हीकडे उत्तम. सीएसएस येणाऱ्यांना पानाची सजावटही हातची वाटते. क्रोममधून काढलेल्या पीडीएफचा काळा रंग मात्र पडद्याच्या आरजीबी पद्धतीचा असतो. छापखान्यात तो चार शाईंत फुटला तर बारीक अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात. लाटेकचा काळा निव्वळ काळाच राहतो. पत्रक, निमंत्रण, शाळेचा अहवाल ब्राउझरने करावा. पुस्तकाला मी तो रस्ता घेत नाही. जुन्या लेखांत विकेएचटीएमएलटूपीडीएफचं नाव सापडेल, त्याचं काम आता थांबलेलं आहे, तिकडे जाऊ नका.

मोबाइलसाठी छपाईचीच फाइल पाठवू नका. डेमी पान फोनवर बोटांनी मोठं करत, डावी-उजवीकडे सरकवत वाचावं लागतं, आणि तुमच्या वाचक बायांपैकी पुष्कळांना ते जमणार नाही. पॅनडॉकला डिफॉल्ट्स फाइल, म्हणजे सगळी सेटिंग एका जागी लिहिलेली फाइल, देता येते. दोन करा: एक छपाईची, एक मोबाइलची. मजकूर, फॉन्ट, फिल्टर दोन्हीकडे तेच. मोबाइलच्या फायलीत कागद नऊ बाय सोळा सेंटिमीटर, समास अर्धा सेंटिमीटर, दोन्ही बाजूंचे समास सारखे, आणि अनुक्रमणिकेतल्या गावांच्या नावांना दुवे चालू. छपाईच्या फायलीत दुव्यांचे रंग बंद. उद्या एका ओवीत शब्द सुधारला की मार्कडाउनमध्ये एकदाच सुधारायचा आणि दोन्ही पुस्तकं नव्याने काढायची.

छापखान्यात फाइल देण्याआधी तीन गोष्टी तपासा. पॉपलर संचातलं ‘पीडीएफफॉन्ट्स’ चालवून प्रत्येक फॉन्टसमोर ‘एम्बेडेड’च्या रकान्यात ‘येस’ आहे ना ते बघा. एकही ‘नो’ असेल तर तिकडच्या यंत्रावर भलताच फॉन्ट लागेल. त्याच संचातल्या ‘पीडीएफटूटेक्स्ट’ने मजकूर बाहेर काढा आणि पाच-सात ओव्या मूळ मार्कडाउनशी ताडा. आणि एकूण पानं छापखान्याच्या फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या, पटीत बसतात का ते विचारा. आठाचा की सोळाचा फर्मा, हे यंत्रावर अवलंबून असतं. दोन-चार पानं उरत असतील तर ती कोरी सोडण्यापेक्षा शब्दार्थांची यादी शेवटी जोडा. मुखपृष्ठ वेगळ्या फायलीत, कापणीसाठी चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेवून द्या.

‘ओवी’चा लुआ फिल्टर लिहिताना अडलात, तर मार्कडाउनमधल्या दोन ओव्या कुंपणासकट आणि पॅनडॉकने काढलेली लाटेक फाइल, म्हणजे आउटपुटच्या नावापुढे पीडीएफऐवजी टेक्स असा शेवट देऊन मिळते ती, अशा दोन्ही मला पाठवा. चूक कुठल्या टप्प्यावर होते ते त्या मधल्या फायलीत लगेच दिसतं.